यूके: पहिली ई-सिगरेट घ्यायची आहे, २५ पौंडांच्या आत काय घ्यावं?

निळी छत्री
नमस्कार मंडळी. धागा यूकेत राहणाऱ्यांसाठी आहे. भारतात या वस्तूवर बंदी आहे हे मला माहीत आहे, तेव्हा त्यावरून पहिल्याच प्रतिसादात लाटणं घेऊन येऊ नका.

मी रेडिंगला असतो. वय अडतीस. सिगरेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून, म्हणजे निम्मं आयुष्य झालं. इथलं पाकीट पंधरा पौंडांच्या आसपास बघून आपोआप सुटेल असं वाटलं होतं. सुटली नाही. पाकिटावरून सुट्ट्या तंबाखूवर आलो, आता स्वतःच वळतो. दिवसाला दहा-बारा होतात, ऑफिसला जायचं असेल त्या दिवशी जास्त. मुलगी आता बोलायला लागली आहे. मागच्या अंगणातून आत आलो की नाक दाबून 'बाबा शी' म्हणते. बायकोने आजवर जे केलं नाही ते या दोन शब्दांनी केलं.

मित्राकडची वापरून फेकायची व्हेप (ई-सिगरेटला इथे व्हेपच म्हणतात) एकदा ओढून पाहिली होती, बरी वाटली. पण त्या १ जून २०२५ पासून इथे बंद झाल्या. परवा दुकानात गेलो तर त्या पोराने टॉर्चएवढं मशीन हातात दिलं. दोन बॅटऱ्या, वर काचेची टाकी, किंमत ७० पौंड. एक झुरका मारला आणि खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं.

तर प्रश्न असे. २५ पौंडांच्या आत सुरुवातीला काय घ्यावं? निकोटीन किती घ्यायचं? महिन्याचा खर्च किती पडतो? आणि डिसेंबरात पुण्याला जाणार आहे, तेव्हा काय करायचं?

बंड्या नंबरी
पहिला! आता वाचतो.

आबा_कराड
अहो छत्री, २५ पौंड म्हणजे तीन हजारांच्या आसपास रुपये. एका व्यसनातून उठून दुसऱ्याच्या मांडीवर बसायला एवढे पैसे कशाला? मी १९९८ च्या गुढीपाडव्याला बिडी सोडली ती सोडलीच. खिशात लवंग ठेवायचो, तलफ आली की एक दाढेखाली. इच्छाशक्ती पाहिजे, बाकी काही नाही.

तिरकस
आबा, ती इच्छाशक्ती बाटलीत भरून विकता का? १० मिलिची द्या, यूकेत त्याहून मोठी चालत नाही म्हणे.

लेस्टरकर
तिरकसराव विनोदात खरं बोलून गेले. इथे २०१६ पासून नियम आहे: निकोटीन असलेली बाटली १० मिलिपेक्षा मोठी नाही, टाकी किंवा पॉड (लिक्विडची छोटी डबी) २ मिलिपेक्षा मोठं नाही आणि निकोटीन मिलिला २० मिग्रॅच्या वर नाही. एखाद्या दुकानात याहून जास्त काही दिसलं तर माल चोरटा आहे असं समजायचं आणि दुकान बदलायचं. तिथे बॅटरीची तरी खात्री काय?

आता छत्री, तुझ्या प्रश्नाकडे. मी वीस वर्षं ओढून २०२१ मध्ये व्हेपवर आलो, तेव्हा अनुभवाचे बोल.

ते टॉर्च तुझ्यासाठी नाहीच. तसली मशीनं वाफ सरळ छातीत ओढायला केलेली असतात, गच्चीभर ढग सोडायची हौस असते त्यांच्यासाठी. सिगरेट ओढणारा आधी धूर तोंडात घेतो, मग आत ओढतो. दुकानात जाऊन 'माउथ टू लंग पॉड किट' एवढंच सांग. कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, ०.८ ते १.२ ओहमची. ०.२, ०.३ लिहिलेलं दिसलं की परत फळीवर ठेव.

नावं हवीतच तर व्हेपोरेसो एक्सरॉस, युवेल कॅलिबर्न, ऑक्सव्हा एक्सलिम या घराण्यांतली छोटी मॉडेलं बघ. १२ ते २५ पौंडांत बसतात. एक्सरॉसला हवेचं भोक कमीजास्त करता येतं, म्हणून मला ती आवडते. वळलेल्या सिगरेटीसारखा घट्ट झुरका लागतो ना, तो त्यात जमतो. पण खरं सांगू का, यांच्यात डावंउजवं करण्यात रात्र घालवू नकोस. बटण नसलेलं, ओढलं की चालू होणारं, सी टाइपवर चार्ज होणारं आणि ज्याचे पॉड तुझ्या गल्लीतल्या दुकानात मिळतात ते घे. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. रविवारी संध्याकाळी पॉड जळला आणि दुकानात मिळाला नाही, की पाय तंबाखूच्या पुडीकडे वळतात.

सापळा कुठे आहे तेही सांगतो. काउंटरवर सहा-सात पौंडांना रंगीबेरंगी किट दिसतील, आधीच भरलेल्या पॉडचे. वापरून फेकायच्या बंद झाल्यावर त्यांच्या जागी हेच आले. शाईच्या प्रिंटरसारखा प्रकार आहे, यंत्र फुकटात आणि शाई सोन्याच्या भावात. दोन पॉडना पाच-सहा पौंड. तुझ्यासारखा ओढणारा रोज एक पॉड संपवेल. त्यापेक्षा स्वतः भरायचं घे. १० मिलिची बाटली तीन-चार पौंडांना येते, दिवसाला दोन मिलि लागलं तरी चार-पाच दिवस जाते. पॉड साधारण दहा दिवसांनी बदलायचा, तो अडीच-तीन पौंड. आठवड्याला सात-आठ पौंडांत भागतं.

लेस्टरकर
राहिलंच. निकोटीन. नवखे लोक 'कमी बरं' म्हणून ३ किंवा ६ मिग्रॅ घेतात आणि पंधरवड्यात परत सिगरेटवर येतात, कारण तलफ भागतच नाही. छोट्या पॉडमधून वाफ थोडी येते, तेव्हा त्यात निकोटीन पुरेसं हवं. दिवसाला दहा-बारा वळलेल्या ओढणाऱ्याने २० मिग्रॅचं निकोटीन सॉल्ट घ्यावं. सॉल्ट घशाला साध्या निकोटीनइतकं लागत नाही. कमी नंतर करता येतं.

लिक्विड ५०-५०चं घे, म्हणजे पीजी आणि व्हीजी ही त्यातली दोन द्रावणं निम्मी-निम्मी. ७० टक्के व्हीजीवालं दाट असतं, छोट्या कॉइलला ते झेपत नाही.

आणि पॉड पहिल्यांदा भरलास की दहा मिनिटं टेबलावर ठेव. आतला कापूस भिजायला वेळ लागतो. घाई करून ओढलंस तर जळक्या कापसाची चव येते आणि ती त्या पॉडमधून पुन्हा जात नाही, कितीही भर. नवा पॉड आणि अडीच पौंड गेले.

चहाबाज
लेस्टरकर, सविस्तर प्रतिसादाबद्दल +१.
अवांतर: फर्ग्युसन रस्त्यावर एक कटिंग आणि एक सुट्टी असा हिशेब ज्यांनी केला त्यांना हे ओहम-बिहम वाचून भडभडून येतं हो. लायटर टपरीला सुतळीने बांधलेला असायचा, तेवढीच काय ती टेक्नॉलॉजी.

आबा_कराड
आमच्या वेळी सुतळीच पेटलेली असायची. लायटर कुठले!

नागपुरी संत्रं
मस्त माहिती. मी नागपूरले राहतो. इकडे कुठे भेटेल? ऑनलाइन कोणी पाठवते का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

संपादक मंडळ
नागपुरी संत्रं, भारतात ई-सिगरेटची विक्री, आयात आणि जाहिरात कायद्याने बंद आहे. विकत मिळण्याची ठिकाणं, विक्रेते, कुरिअर याबद्दलचे प्रतिसाद उडवले जातील. व्यनिबद्दलही तेच. यूकेतली चर्चा चालू ठेवायला हरकत नाही. दुकानांचे दुवे मात्र देऊ नयेत.

कलमबहाद्दर
संपादकांनी योग्य वेळी लगाम घातला. मुंबईत वकिली करतो, म्हणून कायदा नेमका काय आहे ते लिहितो, कारण याबद्दल व्हॉट्सॲपवर वाट्टेल ते फिरतं.

१८ सप्टेंबर २०१९ ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बंदीची घोषणा केली. आधी अध्यादेश आला आणि डिसेंबर २०१९ मध्ये संसदेचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करण्याला वेगळी शिक्षा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणं आणि ई-हुक्काही त्याच व्याख्येत येतात.

ओढणाऱ्यासाठी स्वतंत्र शिक्षेचं कलम नाही हे खरं. पण लोक तिथेच थांबतात आणि पुढचं वाचत नाहीत. आयात बंद आहे, आणि कायद्यात 'पूर्ण वस्तू किंवा तिचा कुठलाही भाग' असे शब्द आहेत. छत्री, पुण्याला जाताना किट, पॉड, लिक्विड काहीच बरोबर घेऊ नका. 'स्वतःपुरतंच आहे साहेब' हा युक्तिवाद मुंबई विमानतळावर पहाटे चार वाजता करायचा नसतो.

तिरकस
म्हणजे सिगरेट विका, बिडी विका, जर्दा विका, आणि त्यातल्या त्यात कमी घातक म्हणतात ते बंद. सरकारी विमा कंपन्यांकडे सिगरेटवाल्या आयटीसीचे शेअर आहेत म्हटल्यावर आणखी काय होणार?

कलमबहाद्दर
शेअर आहेत हे खरं. पण बंदी त्यासाठीच केली हे तुम्ही सिद्ध करा, मी फुकट वकीलपत्र घेतो. त्या वर्षी आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने श्वेतपत्रिका काढून संपूर्ण बंदीची शिफारस केली होती. त्यांचा मुद्दा असा की जी पोरं सिगरेटला हात लावणार नाहीत ती फळांच्या चवीला भुलून निकोटीनवर येतील. पटो न पटो, मुद्दा पोकळ नाही.

तिरकस
महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे. कोपऱ्यावरच्या टपरीवर 'बंद' या शब्दाचा अर्थ विचारून बघा.

चहाबाज
तिरकस, सरकारच्या २०१६-१७ च्या पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले. धूर काढणारे १०.७ आणि बिनधुराची घेणारे २१.४. काही जण दोन्ही. आपलं मुख्य दुखणं चुना-तंबाखूचं आहे. तिथे व्हेप असली काय आणि नसली काय. माझी आजी मिशरी लावायची. लोखंडी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका. मग तळहातावर चुरून डाव्या हाताच्या बोटाने दातांना. कुणी विचारलं तर 'दात घासते' म्हणायची, दिवसातून पाच वेळा. तिला सिगरेट ओढणारे लोक वाया गेलेले वाटायचे.

बंड्या नंबरी
धाग्याचं काश्मीर व्हायला लागलं आहे. पॉपकॉर्न आणतो.

शिकागोचा वारा
पॉपकॉर्नवरून आठवलं. व्हेपने 'पॉपकॉर्न लंग' होतं ना? आणि इथे अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप ओढून पोरं धडाधड आयसीयूत जात होती. ते विसरून तुम्ही त्या माणसाला कुठलं मॉडेल घ्यायचं ते सांगताय. आश्चर्य आहे.

रात्रपाळी
मी इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालयात छातीच्या विकारांच्या वॉर्डात काम करते. कालच्या ड्यूटीमुळे उशिरा लिहितेय.

वारा, २०१९ ची साथ खरी होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. पण तपासात मुख्य बोट गेलं ते गांजाचा अर्क असलेल्या, बहुतेक अनौपचारिक मार्गाने आलेल्या काडतुसांतल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटकडे. दुकानातल्या साध्या निकोटीन लिक्विडची ती गोष्ट नव्हती. पॉपकॉर्न लंगचं नाव पडलं ते पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांवरून. लोण्याच्या वासासाठी वापरायचं डायॲसिटिल त्यांच्या फुप्फुसात गेलं. यूकेत ते ई-लिक्विडमध्ये घालायला बंदी आहे.

याचा अर्थ वाफ निर्धोक आहे असा नाही. सिगरेटपेक्षा धोका बराच कमी, पण शून्य नाही, आणि वीस-तीस वर्षांनी काय दिसेल ते आज कुणाच्याच हातात नाही. न ओढणाऱ्याने हात लावू नये. ओढणाऱ्याने पूर्णपणे बदलावं. 'पूर्णपणे' यावर जोर आहे. ऑफिसात व्हेप आणि अंगणात वळलेली, असं करणारे माझ्याकडे खूप येतात. त्यांना वाटतं निम्मं नुकसान टळलं. हृदयाला ते तसं मोजता येत नाही. दिवसाला दोन-चार सिगरेटीही त्याला पुरतात.

आणि छत्री, २५ पौंडांत काय घ्यावं याचं माझं उत्तर: आधी काहीच घेऊ नका. तुमच्या कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची, सिगरेट सोडवणारी सेवा बघा, नोंदणी फुकट असते. २०२३ मध्ये सरकारने दहा लाख ओढणाऱ्यांसाठी 'स्वॅप टू स्टॉप' जाहीर केलं, त्यात किट मोफत आणि सोबत समुपदेशन. प्रत्येक कौन्सिलचं वेगळं असतं, पण विचारायला फोनच करायचा आहे. व्हॅरेनिक्लीन ही गोळीही २०२४ पासून इंग्लंडमध्ये पुन्हा मिळू लागली आहे. वाफेकडे जायचंच नसेल तर ती आहे.

लेस्टरकर
डॉक्टर, फुकट किटचा मुद्दा माझ्या लक्षातच नव्हता. पण खरंच विचारतो, समुपदेशनाने काही फरक पडतो का? मी तर दुकानदाराच्याच सल्ल्यावर तरलो.

रात्रपाळी
पडतो. इथल्याच सोडवणूक केंद्रांमध्ये ८८६ जणांवर एक चाचणी झाली, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना निकोटीनचे पॅच, गम वगैरे आणि निम्म्यांना स्वतः भरायचं साधं स्टार्टर किट आणि १८ मिग्रॅची एक बाटली. पुढचं लिक्विड ज्याने त्याने आपल्या आवडीचं विकत घ्यायचं. दोन्ही गटांना सुरुवातीचे निदान चार आठवडे दर आठवड्याला बोलायला माणूस, म्हणजे ही तुलना समुपदेशनाची नाही, किटची. वर्षभराने सिगरेट सुटलेले व्हेपच्या गटात १८ टक्के, पॅच-गमच्या गटात ९.९. महागडं मशीन कुणालाच दिलं नव्हतं, हे या धाग्यासाठी महत्त्वाचं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर लोक अर्धंच उचलतात. व्हेपच्या गटात ज्यांची सिगरेट सुटली, त्यांतले ८० टक्के वर्षभरानंतरही व्हेप ओढतच होते.

आबा_कराड
हेच तर मी म्हणत होतो! मांडी बदलली.

सोनचाफा
इतका वेळ गप्प वाचत होते. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, बर्मिंगहॅमला शाळेत जातो. त्याच्या शाळेने मुलांच्या स्वच्छतागृहात वाफ ओळखणारे सेन्सर लावलेत. दप्तरात हायलायटरच्या शेजारी व्हेप ठेवली तर आईला ओळखू येत नाही, असल्या त्या दिसतात. कलिंगड, निळी रासबेरी, बबलगम. अडतीस वर्षांच्या माणसाला सिगरेट सोडायला बबलगम लागतो का? अठराच्या आतल्यांना विकायला बंदी आहे म्हणे. मग या पोरांकडे येतात कुठून?

आपण इथे 'एक्सरॉस घे, कॅलिबर्न घे' असं मोबाइल निवडल्यासारखं बोलतो, तेच मला खटकतं. रात्रपाळीताई, ती '९५ टक्के कमी घातक'वाली जाहिरात तुमच्याच लोकांनी केली ना?

रात्रपाळी
सोनचाफा, तो आकडा २०१५ चा, पब्लिक हेल्थ इंग्लंडच्या अहवालातला. त्यावर तेव्हाच टीका झाली होती. मी रुग्णांशी बोलताना तो वापरत नाही. तुमचा राग रास्त आहे. वॉर्डात पासष्ट वर्षांचा, ऑक्सिजनवर असलेला माणूस समोर असतो तेव्हा मला ती वस्तू औषधासारखी दिसते. चौदा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात तीच वस्तू बघितली तर मीही तुमच्यासारखीच चिडेन.

लेस्टरकर
सोनचाफाताई, चवीबद्दल मात्र असहमत. मी तंबाखूच्या चवीचं लिक्विड घेऊन सुरुवात केली आणि रोज खऱ्या सिगरेटची आठवण यायची. आंब्यावर गेलो तेव्हा ती सुटली. आता कुणी शेजारी सिगरेट ओढली तर मळमळतं. मोठ्या माणसालाही चव लागते. बबलगम नको, हे मान्य.

चहाबाज
आंबा कुठला, देवगड की रत्नागिरी?

तिरकस
लेस्टरमध्ये तो पाकिस्तानी चौसा असणार. फाळणीनंतर आता वाफेतही.

सोनचाफा
हसा. हसायला काय जातं?

पर्थस्थ
ऑस्ट्रेलियात यावर तोडगा काढला आहे. जुलै २०२४ पासून व्हेप फक्त औषधाच्या दुकानात. मोठ्या माणसाला चिठ्ठीशिवाय मिळू शकते, पण फार्मासिस्टशी बोलावं लागतं आणि चव तीनच: तंबाखू, पुदिना, मेंथॉल. बबलगम नाही, रंगीत वेष्टण नाही. कागदावर झकास. प्रत्यक्षात बरीच फार्मसीवाली मंडळी ठेवतच नाहीत आणि चोरटा बाजार जोरात आहे. सोनचाफा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नाही, पण नुसत्या बंदीने दप्तरं रिकामी होत नाहीत एवढं दिसतंय.

छत्री, पुण्याला सिंगापूरमार्गे जाणार नाहीस ना? तिथे जवळ बाळगणंही गुन्हा आहे.

निळी छत्री
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. सिंगापूर नाही, दोहामार्गे जातो.

रात्रपाळीताईंचं ऐकून कौन्सिलच्या सेवेला फोन केला. दोन दिवसांनी एका बाईंचा उलट फोन आला, अर्धा तास बोलल्या. सकाळची पहिली सिगरेट उठल्यावर किती मिनिटांनी, असं विचारलं. पाच मिनिटांच्या आत म्हटल्यावर त्यांनीही २० मिग्रॅच सांगितलं. किट त्यांच्याकडून मिळालं, पेनासारखं साधं पॉडवालं, चार आठवड्यांच्या लिक्विडसकट. माझे २५ पौंड वाचले ते बायकोने जप्त केले.

दहा मिनिटं थांबून ओढली. खोकला आला, पण त्या टॉर्चइतका नाही. अडचण एकच, पॉडच्या खालून लिक्विड पाझरतंय. खिशात डाग पडला आणि कधीकधी ओढताना गुळगुळ आवाज येऊन जिभेवर तिखट थेंब येतो. किट बिघडलेलं आहे का?

लेस्टरकर
किटचा दोष वाटत नाही. पॉड काठोकाठ भरतोयस का? वर थोडी हवा राहू दे. आणि सिगरेटीसारखं जोरात ओढू नकोस, सवय आहे माहीत आहे. जोर लावला की कॉइल जेवढं तापवते त्यापेक्षा जास्त लिक्विड नळीत येतं, तोच तो गुळगुळ आवाज. हळू, लांब झुरका घे, तीन-चार सेकंदांचा. पॉड काढून खालचे धातूचे ठिपके टिश्यूने पूस. टिश्यूचीच सुरळी करून तोंडाच्या नळीतून फिरव. जिभेवर आलं तर चूळ भर. रात्री आडवी ठेवू नकोस.

आणि बाटली मुलीच्या हाताला लागेल अशी ठेवू नकोस. झाकण लहान मुलांना उघडू नये असं असतं, पण भरताना आपण उघडी ठेवतो आणि फोन येतो. लहान मुलाने ते प्यायलं तर थेट इमर्जन्सीत न्यावं लागतं.

बंड्या नंबरी
पॉपकॉर्न संपले. कुणीतरी पैशांचं बोला, मूळ प्रश्न तोच होता.

कलमबहाद्दर
बोलतो. लेस्टरकरांचा आठवड्याचा हिशेब फार दिवस टिकणार नाही. यूके सरकार १ ऑक्टोबर २०२६ पासून व्हेपच्या लिक्विडवर नवा कर लावतंय, १० मिलिला २ पौंड २० पेन्स. त्यावर व्हॅट धरला तर बाटलीमागे २ पौंड ६४ पेन्स. निकोटीन असो वा नसो, दर एकच. मुंबईत बसून तुमचा अर्थसंकल्प वाचतो, कारण भावाचं तिकडे दुकान आहे आणि तो रोज रडतो.

लेस्टरकर
तीन-साडेतीनची बाटली सहाच्या घरात जाईल, बरोबर. आठवड्याला सात-आठ पौंडांचे अकरा-बारा होतील. तरी सिगरेट त्याच दिवसापासून शंभरामागे २ पौंड २० पेन्सने वाढणार आहे. दिवसाला बारा म्हणजे आठवड्याला चार पाकिटं, साठ पौंड. वळलेली धरली तरी ३० ग्रॅमची पुडी वीस पौंडांच्या वर आहे. नुसत्या पैशाने बघितलं तरी उत्तर बदलत नाही.

तिरकस
सगळ्यात स्वस्त अजूनही आबांची लवंगच आहे हे इथे नमूद करावं.

निळी छत्री
टिश्यूची सुरळी लागू पडली! गुळगुळ बंद. संध्याकाळी जेवल्यानंतरची एक वळलेली अजून सुटलेली नाही, बाकीच्या गेल्या. रात्रपाळीताई, रागावू नका. डिसेंबरचं मात्र सांगा. तीन आठवडे पुण्यात, चुलतभावाचं लग्न, सगळे मित्र टपरीवर उभे. किट नेता येणार नाही.

रात्रपाळी
रागावत नाही. ती जेवणानंतरची आहे तिच्यासाठी चोवीस तासांचा पॅच लावून वर व्हेप ओढली तरी चालते, तुमच्या त्या बाईंना विचारा. पुण्यासाठीही तेच. त्यांच्याकडून पॅच आधीच घ्या आणि निघायच्या आधीच्या आठवड्यात घरी लावून बघा. काहींच्या त्वचेवर पुरळ येतं, ते लग्नात कळायला नको. अचानक येणाऱ्या तलफेसाठी सोबत गम ठेवा. पुण्यात २ मिग्रॅचा निकोटीन गम औषधाच्या दुकानात मिळतो. तो चुइंग गमसारखा चघळत राहायचा नसतो. जरा चावायचा, तिखट लागला की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. लोक भराभर चघळतात, मग उचक्या लागतात आणि 'गम उपयोगी नाही' म्हणून फेकतात.

तिथल्या कुणाला सोडायची असेल, संत्र्यासकट, तर भारत सरकारची क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. फुकट आहे.

नागपुरी संत्रं
नंबर लिहून घेतला. वहिनीसमोर वाचू नका म्हणजे झालं.

पर्थस्थ
एक शेवटचं. ते जळलेले पॉड तुम्ही टाकता कुठे? माझा भाऊ सरळ कचऱ्यात टाकतो म्हणून विचारतोय.

लेस्टरकर
कचऱ्यात नको. यूकेत व्हेप विकणाऱ्या दुकानाने जुनी यंत्रं आणि पॉड परत घ्यायलाच हवेत, काउंटरजवळ डबा असतो. नसेल तर मागायचा. बॅटरी असलेलं यंत्र तर चुकूनही घरच्या कचऱ्यात टाकू नये, कचऱ्याच्या गाडीत दाबलं गेलं की लिथियम पेटतं. मी पॉड जॅमच्या रिकाम्या बरणीत साठवतो आणि लिक्विड आणायला जाताना घेऊन जातो. भावाला सांग.